पाय गेला, पायऱ्या राहिल्या

ज्यांच्या तळपायावर आज एखादी न दुखणारी जखम आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. दुखत नाही म्हणून ती बरी होत आहे, असे समजू नये. मी तसे समजलो आणि माझा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. वैद्यकशास्त्राविषयी याहून अधिक सांगण्याचा मला अधिकार नाही. मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक आहे. वय एकाहत्तर, मधुमेह अठरा वर्षांचा. पाय गेल्यावर माणसाचे आणखी काय काय जाते, हे मात्र मी सांगू शकतो. त्याची पूर्वसूचना मला कोणत्याही डॉक्टरांनी दिली नव्हती.

जखम

येरवड्यात आमच्या घरापासून शंभर पावलांवर लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. चातुर्मासात तेथे रोज सायंकाळी पाच ते सहा मी पुराण सांगत असे. हा क्रम सव्वीस वर्षे चालला. पुराणापूर्वी अनवाणी अकरा प्रदक्षिणा घालायच्या, हा माझा नेम होता. अशाच एका प्रदक्षिणेत फरशीचा टवका तळपायाला लागला असावा. असावा असे म्हणतो, कारण मला ते कळलेच नाही. सौ. सुमतीने, माझ्या पत्नीने, घरातल्या फरशीवर रक्ताचा ठसा पाहिला तेव्हा कळले.

"अहो, हे काय?"

"काही नाही. लागले असेल."

"लागलं असेल म्हणजे? पाय तुमचा आहे की शेजाऱ्यांचा?"

मी हळद लावली, पट्टी बांधली आणि नेम मोडला नाही. पंधरा-सोळा दिवसांनी जखमेला वास येऊ लागला, तेव्हा मंदिरामागच्या गल्लीतील दवाखान्यात रोज ड्रेसिंगला जाऊ लागलो. त्यानंतर आठवड्याभरातच चौकाच्या नावावरून दंगल झाली.

चौकाला कोणाचे नाव द्यावे, यावरून दोन्हीकडे कित्येक महिने धुसफूस होती. ती दोन नावे मी येथे लिहिणार नाही. नाव कळले की वाचक आधी बाजू निवडतो आणि मग उरलेले वाचतो. मंदिराच्या पुढच्या बाजूच्या लोकांना एक नाव हवे होते, मागच्या गल्लीला दुसरे. एवढे सांगणे पुरे. एका दुपारी फलक लावला गेला, काढला गेला, दगड पडले, दुकानांची शटरे वाकवली गेली, दोन वाहने जळली. चार दिवस पोलिसांनी चौक बंद ठेवला. दवाखाना चौकापलीकडे होता. पाचव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा अंगठा काळा पडलेला होता.

निदान

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर वयाने माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलांएवढे. ते माझ्या पायाशी न बोलता माझ्याशी बोलले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

"आजोबा, अंगठा वाचवायला गेलो तर पाऊल जाईल. पाऊल वाचवायला गेलो तर तुम्ही जाल. गुडघा ठेवू आपण. गुडघा राहिला की माणूस चालतो."

मी विचारले, "मांडी घालून बसता येईल का?"

ते गोंधळले. चालता येईल का, जिना चढता येईल का, असे प्रश्न त्यांच्या सवयीचे असावेत. चौरंगावर पोथी ठेवून तिच्यासमोर बसण्याची एकच रीत मला ठाऊक होती आणि तिची चिंता मला प्रथम वाटली. सुमती भिंतीकडे तोंड करून उभी होती. मुलगा मिलिंद वारज्याहून निघाला होता आणि फोनवर सारखे, "सही करू नका, मी पोहोचतोय," असे सांगत होता. मी सही केली. वाट पाहण्याइतका वेळ नाही, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते.

वॉर्ड

रुग्णालयात पहाटे पाचला दिवे लागतात. प्रथम तापमापक, मग ओल्या फडक्याने अंग पुसणे, मग चादरी. आयुष्यभर पहाटेच्या स्नानानंतर संध्येला बसलेल्या माणसाने पलंगावर बेडपॅन मागायचे आणि त्यानंतर अर्घ्याचा विचार करायचा, यातला अपमान शब्दांत येत नाही. वॉर्डातील कमलमावशी यवतमाळकडच्या होत्या. तिसऱ्या दिवशी माझे ओठ हलताना पाहून त्यांनी न विचारता एक स्टीलचा पेला घासून, पाणी भरून उशाशी ठेवला. "आचमनाला घ्या जी. यातून औषध नाही पाजलं कोणाले," एवढे म्हणून त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या. त्या वॉर्डातला सगळा धर्म त्या पेल्यात होता, असे मला आजही वाटते.

नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो. हे ज्यांना पुढे होणार आहे त्यांनी भिऊ नये. मन बिघडल्याचे ते लक्षण नव्हे. मी तेथे हात नेत असे आणि हात चादरीवर पडत असे.

दहाव्या दिवशी आमच्या बाजूचे एक तरुण पुढारी आठ-दहा जणांसह आले. हार, नारळ, छायाचित्रकार. त्यांनी चादर थोडी वर सरकवली, मला न विचारता.

"गुरुजी, फक्त एक वाक्य बोला. त्यांनी रस्ता अडवला म्हणून माझा पाय गेला. बास."

मी म्हणालो, "रस्ता चार दिवस बंद होता. त्याआधी तीन आठवडे जखम माझ्याजवळ होती. तेव्हा रस्ता मोकळा होता."

"अहो पण चार दिवस तर गेलेच ना?"

"गेले. पण चौक बंद होता तो तुमच्या दगडांमुळे की त्यांच्या, हे मी पलंगावरून कसे सांगू?"

छायाचित्रकाराने कॅमेरा खाली घेतला. पुढाऱ्यांनी नारळ मात्र परत नेला नाही. सुमती नंतर म्हणाली, "खरं बोललात. आता भोगा." तिच्या दोन्ही वाक्यांत काहीही चुकीचे नव्हते.

दार

घरी आल्यावर पाच महिने जखम भरण्यात आणि कृत्रिम पायाची सवय करण्यात गेले. रबराच्या पायाने सपाट जमिनीवर काठी घेऊन मी चालू लागलो. पायऱ्या मात्र जमेनात. दोन चढलो की तोल जाई. मांडी घालण्याचा प्रश्न सोपा निघाला. पाय काढून ठेवला की उरलेल्या गुडघ्यावर उंच पाटावर बसता येत होते. आषाढ तीन महिन्यांवर आला होता आणि मला पुराणाला बसायचे होते. त्याहून वेगळी कोणतीही इच्छा माझ्यात शिल्लक नव्हती.

मिलिंदचे म्हणणे निराळे होते. "बाबा, जरा प्रॅक्टिकल व्हा ना. वारज्याला या. लिफ्ट आहे, खाली गार्डन आहे, तुमच्या वयाचे दहा जण बसतात तिथे."

"बसून काय करतात?"

"म्हणजे... बसतात."

मंदिराला पुढून अकरा पायऱ्या आहेत. मागे पालखी काढण्यासाठी केलेला उतार आणि रुंद लोखंडी दार आहे. ते दार मागच्या गल्लीत उघडते. दंगलीच्या दिवशी त्याला कुलूप लागले ते तसेच होते. मी मंदिराचे कार्यवाह भाऊसाहेब यांना घरी बोलावले. ते माझ्याहून सहा वर्षांनी लहान, बँकेतून निवृत्त, टापटिपीचे गृहस्थ. मी म्हणालो, सायंकाळी एक तासापुरते मागचे दार उघडा; मी गल्लीला वळसा घालून येईन.

"गुरुजी, दार उघडायला माझी हरकत नाही," ते चहाचा कप ठेवत म्हणाले. "पण दार उघडलं की तुम्ही एकटेच आत येणार, असं दाराला कळत नाही."

"मागच्या गल्लीतली माणसे पूर्वी दर्शनाला येत नव्हती का?"

"पूर्वी येत होती. पूर्वी तुम्हीही पायऱ्या चढत होतात."

मी विचारले की दोन माणसांनी मला खुर्चीत बसवून पुढून वर नेले तर? त्यावर त्यांनी हातातल्या पिशवीतून एक फाइल काढली. मला वाटते, ती त्यांनी घरून निघतानाच घेतली होती.

"खुर्चीचं बघता येईल. पण त्याआधी हे. विश्वस्तांनी आठवण करून दिली. अक्षर ओळखता ना?"

ओळखले. माझेच होते.

पत्र

मागच्या गल्लीत मंदिराच्या दाराला लागून शांताराम नावाच्या शिंप्याचे दुकान आहे. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय वाळला. तो हाताने चालवायच्या मशीनवर शिवतो. दार उघडे असे त्या काळात माझे पुराण त्याच्या दुकानात ऐकू जाई. तो कपडे शिवता शिवता ऐकत असे, आणि ऐकून ऐकून पोथीचे कित्येक अध्याय त्याला मुखोद्गत झाले होते. चौदा वर्षांपूर्वी त्याने मंदिराकडे अर्ज केला: मी एखाद्या एकादशीला एक अध्याय म्हणू का? विश्वस्तांनी त्याला सभामंडपात म्हणून दाखवायला सांगितले. त्याने म्हटला. मंडपात बसलेल्या बायकांनी हातातल्या वाती वळणे थांबवले.

विश्वस्तांनी शास्त्रार्थासाठी माझा अभिप्राय मागितला. मी लिहून दिले की पुराणाला बसणारा सर्वांगपूर्ण असावा, अंगवैकल्य असलेल्यास हा अधिकार नाही. ते पत्र महिनाभर मंदिराच्या फलकावर लावलेले होते.

हे मी का लिहिले, ते आता सांगतो. अंगहीनाच्या अधिकाराचा निषेध परंपरेत आहे. पण तो विशिष्ट यज्ञकर्मांपुरता. पुराण ऐकायला आणि सांगायला तो लागू नाही. हा भेद मला तेव्हाही पुरता ठाऊक होता आणि तो मी पत्रातून जाणूनबुजून वगळला. कारण शांतारामचा आवाज माझ्या आवाजाहून चांगला होता. हे एक वाक्य लिहायला मला चौदा वर्षे लागली, आणि तेही एक पाय गेल्यावर.

भाऊसाहेबांना मी सांगितले, "हे चूक आहे. मी आज दुसरे पत्र लिहून देतो."

त्यांनी फाइल बंद केली. त्यांचा स्वर अत्यंत नम्र होता. "द्या की. पण गुरुजी, तेव्हा तुम्ही दुसऱ्याविषयी लिहीत होतात. आता स्वतःविषयी लिहिणार. आम्ही कोणतं पत्र प्रमाण मानायचं?"

ते गेल्यावर सुमती म्हणाली, "त्या शांतारामकडे जाऊन आलात का कधी?"

"कशाला?"

"पत्र त्याच्याबद्दल होतं ना? की तेही तुमच्याचबद्दल होतं?"

शिंपी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीला वळसा घालून गेलो. शंभर पावलांचे अंतर वळशाने सहाशे झाले. माझ्या बाजूच्या दोन-तीन ओळखीच्या माणसांनी मला तिकडे वळताना पाहिले आणि नमस्कार केला नाही. मागच्या गल्लीतल्यांनीही केला नाही. शांतारामच्या दुकानाचे शटर अजून वाकलेलेच होते. अर्धेच वर जात असे. तो खाली वाकून बाहेर पाहत म्हणाला, "या गुरुजी. आता तुम्हीबी आमच्यातले."

मी स्टुलावर बसलो. तो ब्लाउजला अस्तर लावत होता. मी विचारले, दंगलीच्या दिवशी तू कोठे होतास.

"इथंच. पळणार कुठं? सगळे पळाले, मी मशीनच्या टेबलाखाली बसलो. शटर वाजत होतं बाहेरून. संध्याकाळी आमच्याच पोरांनी बाहेर काढला. मग फोटो. माझा पाय फोटोत यावा म्हणून लेंगा वर घ्यायला लावला." त्याने दोरा दाताने तोडला. "पायाची आठवण सगळ्यांना फोटोच्या वेळेला येती. मीटिंग असती तेव्हा म्हणतात, शांताराम, तुला त्रास कशाला."

मी म्हणालो, "मला ते पत्र मागे घ्यायचे आहे."

"मला कळलंय. तुम्हाला बसायचंय ना यंदा?"

"हो."

"मग ते मागं घेणं नाही. ते तर आपलं सामान सोडवून घेणं झालं."

रस्त्यावरून कोणी विचारले, "शांतारामभाऊ, झाला का ब्लाउज?" तो ओरडला, "चार वाजता ये गं!" आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "तुमचं एक वरीस पुरं झालं नाही, गुरुजी. माझं सगळं आयुष्य असंच हाय. तुम्हाला खरंच वाटत असंल ना, तर पत्र लिहा. पण माझ्यासाठी लिहा. त्यात तुमचं नाव नको. मग बघू कोण म्हणतंय स्वतःसाठी लिहिलं."

मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. पाय माझा गेला आहे, सव्वीस वर्षे मी सांगितले आहे, आणि हा मला माझ्याच स्थानावरून उठायला सांगतो आहे! घरी येईपर्यंत तो राग टिकला. घरी आल्यावर लक्षात आले की भाऊसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रात नव्हते. ते शिंप्याने दिले होते.

दुसरे पत्र

पत्र एका पानाचे होते, पण पूर्ण व्हायला तीन दिवस लागले. पूर्वीचा अभिप्राय शास्त्रविरुद्ध होता आणि तो मी मत्सराने दिला होता, हे पहिल्या दिवशी लिहून झाले. शांताराम यांना एकादशीला अध्याय म्हणण्यास बसवावे आणि त्यासाठी मागील दार उघडावे, हे दुसऱ्या दिवशी. "मी स्वतः यापुढे या स्थानासाठी इच्छुक नाही" हे वाक्य लिहिण्यापूर्वी मी तिसऱ्या दिवशी पाच वेळा उठलो. एका पायाने उठणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचा अर्थ कळेल.

उत्तर आले नाही. आषाढ लागला. पुराणाच्या निमंत्रणाची सुपारी दुसऱ्याच कोणाला गेल्याचे कानावर आले. कोथरूडचे कोणी तरुण पुराणिक, पाय दोन्ही उत्तम. मी भाऊसाहेबांना फोन केला.

"पत्र मिळाले का?"

"मिळालं. फाइलला लावलं."

"आणि निर्णय?"

"गुरुजी, काळ कसा आहे बघताय ना. मागच्या गल्लीतला माणूस, मागचं दार आणि एकादशीची गर्दी. तिन्ही एकत्र कोण करणार? पण तुम्हा दोघांची सोय केली आहे हं. दाराबाहेर, उतारावर दोन खुर्च्या ठेवतो. वर मांडव घालतो. जाळीतून दर्शन होईल, पुराण ऐकू येईल. फलकही लावतो, 'दिव्यांगांसाठी राखीव'. वर्तमानपत्रवाल्यांनाही सांगून ठेवलंय."

मी नाही म्हटले नाही. येथे मला पुन्हा खरे सांगायचे आहे: मी मनातून होकार दिला होता. वर्षभरात मला कमी मागण्याची सवय लागली होती. अकरा पायऱ्यांवरून मागचे दार, दारातून एकादशी, एकादशीतून दुसऱ्याचा अध्याय, आणि आता जाळीबाहेरची प्लास्टिकची खुर्ची. प्रत्येक पायरी उतरताना मी तिला विनय म्हणत होतो. देव आतूनही दिसतो आणि बाहेरूनही दिसतो, असे मी शांतारामला समजावले.

त्याने मशीनचे चाक थांबवले. "देव दिसंल हो. मला देवाची तक्रारच नाही. पण दाराबाहेर बसून आत बघत राहायचं, याला आमच्याकडं दर्शन म्हणत नाहीत."

"मग काय करणार?"

"ब्लाउज शिवणार. तुम्ही जा की. तुमचं मन होत असंल तर बसा."

एकादशीच्या दिवशी पाच वाजता मी काठी घेऊन वळसा घालून गेलो. मांडव होता, फलक होता, दोन लाल खुर्च्या होत्या. दाराला कुलूप आणि कुलपावर हार. आतून नव्या पुराणिकांचा आवाज येत होता; विसर्गांकडे लक्ष नव्हते, पण आवाज तरुण होता. छायाचित्रकार म्हणाला, "आजोबा, बसा ना. दुसरे काका येतायत का?"

जाळीतून नारायणाच्या मूर्तीचा एक खांदा दिसत होता. सव्वीस वर्षे मी त्याच्यासमोर बसलो आहे. त्या खांद्यावरचे झिजलेले यज्ञोपवीत मला डोळे मिटूनही दिसते. शेजारच्या अर्ध्या शटराखालून मशीनचा आवाज येत होता. मी उभ्याउभ्या हात जोडले आणि छायाचित्रकाराला सांगितले, "ते येणार नाहीत. मीही बसणार नाही."

माझा देवावर राग नाही, कधी नव्हता. पण देवाच्या दारापर्यंत जाऊन न बसता परत फिरण्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग होता. सहाशे पावले चालताना मी वाट पाहत होतो की आता पाप केल्यासारखे वाटेल. घर आले, तरी तसे वाटले नाही.